मुंबई ते लंडन : मैल आणि तास

मुंबईहून लंडन किती दूर? पृथ्वीच्या गोलाईवरून जवळांत जवळची रेषा धरली, तर उत्तर सुमारें ४,५०० मैल, म्हणजे ७,२०० किलोमीटर येतें. इंग्रज व्यापारी प्रथम सुरतेस उतरले तेव्हांहि तें तेवढेंच होतें. परंतु प्रवासी त्या रेषेनें क्वचितच जाऊं शकला. त्याला लागणारा वेळ ठरला तो वाटेंतील वळशांनीं व थांब्यांनीं, आणि श्रोतेहो, त्यांचाच हा थोडा वृत्तांत आहे.

आफ्रिकेस वळसा घालणारीं शिडाचीं जहाजें दहा हजारांहून अधिक सागरी मैल तोडीत; त्यांत चार-सहा महिने सहज जात. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला आणि हा पल्ला सुमारें ६,३०० सागरी मैलांवर आला. बॅरिस्टर होण्यास निघालेल्या आमच्या तरुणांना पुढें आगबोटीचे दोन-तीन आठवडे पुरूं लागले.

विमान आलें तें प्रथम कराचीस. ३० मार्च १९२९ रोजीं इंपीरियल एअरवेजनें लंडन-कराची मार्ग सुरू केला. या हवाई प्रवासाची हकीकत मोठी गमतीची आहे. क्रॉयडनहून बाझलपर्यंत विमान, तेथून जिनोआपर्यंत चक्क आगगाडी, मग भूमध्य समुद्रावरून पाण्यावर उतरणारें विमान, आणि इजिप्तपासून पुढें बगदाद, बसरा असे टप्पे घेत कराची. एकूण सात दिवस! कराचीचें टपाल मुंबईस हवेंतून आलें तें १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं, जे. आर. डी. टाटा यांनीं स्वतः विमान चालवीत तें अहमदाबादमार्गें जुहूस आणलें.

८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ ३५ प्रवाशांसह मुंबईहून लंडनकडे निघालें. थांबे दोनच, कैरो आणि जिनीव्हा. सात दिवसांचें काम आतां सुमारें एका अहोरात्रावर आलें होतें.

यांतील जिनीव्हाचा थांबा मात्र महाग पडला. त्या शहराच्या आग्नेयेस माँ ब्लां हा सुमारें १५,८०० फूट उंचीचा पर्वत उभा आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजीं तेंच ‘मलबार प्रिन्सेस’ त्यावर आदळलें व ४८ माणसें गेलीं. २४ जानेवारी १९६६ रोजीं, जेट विमानें येऊन सहा वर्षें लोटल्यावर, मुंबईहून निघालेलें ‘कांचनजंगा’ त्याच पर्वतावर फुटलें. ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. विमानाचें दिशादर्शक यंत्र एका बाजूचें बंद होतें. आपण पर्वत ओलांडीत आहोंत असा वैमानिकाचा अंदाज होता. माँ ब्लां अद्याप पांच मैल पुढें आहे, असें रडारवरील नियंत्रकानें कळविलें. परंतु तें नीट उमगलें नाहीं आणि विमान खालीं उतरूं लागलें. साडेचार हजार मैलांच्या या मार्गावर माझ्या मतें याच पांच मैलांचा हिशेब सर्वांत कठीण ठरला.

आज मधला थांबा उरला नाहीं. मुंबईहून लंडनला साडेनऊ-दहा तास लागतात. परततांना पश्चिमेचे वारे पाठीशीं असल्यानें कांहींसे कमी.

‘कांचनजंगा’मधून निघालेल्या कांहीं वस्तूंचा प्रवास मात्र चालूच होता. बर्फ हळूहळू खालीं सरकत राहिलें, आणि २०२० च्या जुलैमध्यें बोसों हिमनदीच्या कडेस जानेवारी १९६६ चीं भारतीय वृत्तपत्रें सांपडलीं. इंदिरा गांधींची पंतप्रधानपदीं निवड झाल्याची ठळक बातमी त्यांवर अजून वाचतां येत होती.