आधी मृत्यू, मग मागणी

मृताचे अवयव द्यायला नातलग नाही म्हणाले, की कारण ठरलेले असते: अंधश्रद्धा. अपुरा देह जाळला तर गती नाही, पुढच्या जन्मी व्यंग येते, असल्या समजुती शिंदखेड्यासारख्या तालुक्यांत घट्ट आहेत, म्हणून दधीचींची कथा सांगा आणि प्रतिज्ञापत्रे भरून घ्या, असा हा पूर्वपक्ष. समजुती आहेत, हे मान्य. नकाराचे मूळ मात्र तिथे नाही.

देह खंडित होण्याचीच धास्ती असती, तर आईने लेकाला मूत्रपिंड दिले नसते. 2023 साली देशात 18,000हून अधिक प्रत्यारोपणे झाली. त्यांतली 15,000हून अधिक जिवंत दात्यांमुळे. मरणोत्तर दाते जेमतेम 1,100. जिवंतपणीच्या दानात घेणारा आपला असतो, असे पूर्वपक्ष म्हणेल. बरोबर, मग अडते ते देहापाशी नव्हे, विश्वासापाशी.

नरडाण्याजवळ महामार्गावर डोक्याला मार लागलेला तरुण धुळ्याच्या अतिदक्षता विभागात आहे, असे समजा. छाती वरखाली होते आहे, अंगात ऊब आहे. 1994च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टर, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू ठरवतात. पण मेंदूमृत्यू म्हणजे मृत्यू, ही व्याख्या अवयव प्रत्यारोपणाच्याच कायद्यात आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969च्या कायद्यात मृत्यू म्हणजे जीवनाची सर्व लक्षणे कायमची नाहीशी होणे. परिणामी मेंदूमृत्यूचा विषय निघतो तो बहुधा अवयवदानाच्या निमित्ताने, आणि पुष्कळदा मृत्यूची बातमी आणि अवयवांची मागणी घरच्यांच्या कानी एकदमच पडते. नकार दिला, तर व्हेंटिलेटर बहुधा चालूच राहतो. हो म्हटले तर मेला आणि नाही म्हटले तर उपचार चालू? दोंडाईच्याहून रात्री धावत आलेल्या मामाने हे विचारले, तर त्याला अडाणी कोणत्या तोंडाने म्हणायचे? त्याचा तर्क शुद्ध आहे.

दधीचींनी अस्थी दिल्या त्या स्वतःच्या, स्वतःच्या इच्छेने. इथे निर्णय दुसऱ्याच्या देहाचा, तोही शोकाच्या पहिल्या तासांत. मृताने प्रतिज्ञापत्र भरलेले असले, तरी प्रत्यक्षात शेवटी नातलगांनाच विचारतात.

स्पेनने 1979मध्ये गृहीत संमतीचा, म्हणजे नकार नोंदवला नसेल तर होकार मानण्याचा, कायदा केला. अवयवदानातली मोठी वाढ मात्र 1989नंतरची, राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी राहून रुग्णालयांतच प्रशिक्षित समन्वयक डॉक्टर नेमले गेल्यावरची. नातलगांना तिथे आजही विचारतात. केरळने 2020मध्ये मेंदूमृत्यू घोषित करण्याची कार्यपद्धती अवयवदानापासून वेगळी काढली. महाराष्ट्रानेही तेच करावे. अवयव मिळोत न मिळोत, मेंदूमृत्यू ठरला की तो मृत्यू म्हणून सांगावा, तपासणी नातलगांना दाखवावी, अहिराणीतून समजवावी. मागणी त्यानंतर करावी, आणि ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी करू नये.