शेतघराचे छप्पर : कौल, पत्रा की सिमेंटचा पत्रा?

शेतात स्वतः खोली बांधताना छपराचे साहित्य बहुधा दुकानातील भाव पाहून ठरते. पण वादळात छप्पर टिकते ते बांधणीमुळे. 3 जून 2020 रोजी रायगड किनाऱ्यावर धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात अनेक घरांची कौले आणि पत्रे उडाले. म्हणून साहित्य निवडतानाच ते कशावर व कसे बसवणार, हेही ठरवावे.

साहित्याची निवड

• मंगलोरी कौल : उन्हाळ्यात घर कमी तापते. एखादे कौल फुटले तर तेवढेच बदलता येते. मात्र 100 चौरस फुटांचे वजन सुमारे 350 ते 400 किलो भरते, त्यामुळे वासे व रिपा मजबूत लागतात. दर 10 फुटांना किमान 5 फूट चढ द्यावा. माकडांचा उपद्रव असेल तर कौले वारंवार फुटतात.

• जस्ताचा पत्रा : अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे तेवढ्याच जागेत वजन सुमारे 45 किलो. काम लवकर होते, सांगाडा हलका चालतो. पण पत्रा तापतो आणि हलका असल्याने वाऱ्याने उडण्याचा धोका जास्त. खारी हवा, गोठ्यातील मूत्राची वाफ आणि रासायनिक खते यांमुळे तो लवकर गंजतो.

• सिमेंटचा पत्रा : गंजत नाही, पण ठिसूळ असतो. त्यावर थेट पाय देऊ नये; आडव्या पाइपांवर टेकेल अशी फळी टाकूनच चढावे. अनेक पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. ते कापताना उडणारी धूळ फुफ्फुसांना घातक आहे.

पत्रा उडू नये म्हणून

वारा छपरावरून जाताना पत्र्याला वर खेचतो आणि दारातून शिरलेला वारा खालून ढकलतो. अशा वेळी पत्र्यावर ठेवलेले दगड उपयोगी पडत नाहीत. उलट ते घरातील माणसांवर पडून जीव जाऊ शकतो. त्याऐवजी पुढील काळजी घ्यावी.

1. जे-हुक किंवा स्क्रू रबरी वायसरसह पत्र्याच्या उंच नाळीवर बसवावेत. खोलगट भागात छिद्र पाडल्यास गळती होते.
2. आढे, वळचण व कडेच्या बाजूंना हुक जवळजवळ घ्यावेत.
3. पत्र्यांच्या जोडाची उघडी कड नेहमीच्या वाऱ्याकडे ठेवू नये.
4. आडवे पाइप कैचीला, कैची खांबाला आणि खांब काँक्रीटच्या पायात पक्के जोडावेत. यातील एक जोड कच्चा असला तरी सगळे छप्पर उचलले जाते.

मराठवाडा-विदर्भासारख्या उष्ण भागात पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात द्यावा आणि आढ्याजवळ गरम हवा बाहेर जाण्यास वाट ठेवावी. दरवर्षी वळवाच्या पावसाआधी सर्व हुक तपासून सैल झालेले आवळावेत. पैसे कमी पडत असतील तर खोली लहान बांधावी, पण हुक आणि पाया यांत काटकसर करू नये.