धम्मदीक्षा आणि घरातील भिंत : नागपूरच्या बौद्ध कुटुंबांतील तसबिरींचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

घरातील भिंतीवरच्या तसबिरी केवळ शोभेसाठी नसतात. कुटुंब कोणाला पूज्य मानते आणि आल्यागेल्यास आपली कोणती ओळख सांगते, हे त्यांवरून कळते. सभा, ठराव व भाषणे यांवर आधारलेल्या इतिहासात हे साधन सहज मागे पडते. नागपूर येथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झालेल्या धम्मदीक्षेने घरातील भिंतीवर कोणता बदल घडविला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुद्रित देवप्रतिमा

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला. लक्ष्मी, सरस्वती आदी देवतांची रंगीत चित्रे या व अशा इतर छापखान्यांतून सामान्यांच्या घरी पोहोचली. या प्रसाराला सामाजिक अर्थही होता. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्यांना १९३० पासून सत्याग्रह करावा लागला. बाजारात मिळणाऱ्या चित्रासाठी मात्र पुजाऱ्याची अनुमती लागत नव्हती. देव घरी आला, तरी त्याच्या मंदिराचे दार उघडले नाही. हीच विसंगती पुढील बदलाची पूर्वपीठिका होय.

नागपूरची पार्श्वभूमी

१८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमुळे नागपुरात गिरणी कामगारांचा मोठा वर्ग उभा राहिला. त्यात महार समाजातील स्त्री-पुरुषही होते. किसन फागोजी बनसोडे (१८७९-१९४६) यांनी या भागात शिक्षण व समाजजागृतीचे कार्य केले. चोखामेळ्याची संतपरंपरा त्यांना प्रेरक वाटत होती. १९३५ च्या येवला येथील धर्मांतर-घोषणेनंतर मात्र चळवळीची दिशा बदलली. जुलै १९४२ मध्ये नागपुरात भरलेल्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या स्थापनेचा निर्णय झाला. त्याच वेळी दलित महिलांचीही परिषद झाली. घरातील देवधर्माचा सांभाळ बहुधा स्त्रियांकडे असल्याने तिचे महत्त्व येथे विशेष आहे.

बावीस प्रतिज्ञा आणि भिंत

भदंत चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून दीक्षा घेतल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांना दीक्षा दिली व बावीस प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण, गौरी, गणपती यांना देव न मानण्याच्या व त्यांची उपासना न करण्याच्या प्रतिज्ञा त्यांत आरंभीच येतात. त्यांचे पालन मैदानावर नव्हे, तर घरी परतल्यावर करावयाचे होते. दलित आत्मकथनांत घरातील देव काढून पाण्यात सोडल्याचे उल्लेख आढळतात. पिढ्यान्‌पिढ्या पूजलेला देव हाताने उतरविणे ही साधी गोष्ट नव्हती. देवाच्या कोपाचे भय ज्याचे त्यालाच जिंकावे लागत होते.

पाचवी प्रतिज्ञा या दृष्टीने अधिक लक्षणीय आहे. बुद्ध हा विष्णूचा अवतार होय, हे मत ती नाकारते. दशावताराच्या चित्रांत बुद्धाला नववे स्थान दिलेले अनेकदा आढळते. त्यामुळे देवांच्या रांगेत बुद्धाची एक तसबीर वाढविणे पुरेसे नव्हते. ती रांगच मोडणे आवश्यक होते. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या सुमारे २७ लाख ९० हजार नोंदली गेली. या आकड्यामागे असंख्य घरांतील असे निर्णय उभे आहेत.

पूजा की स्मरण ?

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि बुद्धाशेजारी त्यांची तसबीर हे बौद्ध घराचे ओळखचिन्ह बनले. कोट, टाय, चष्मा, हाती ग्रंथ असे तिचे रूप आहे. देवतांच्या हातातील शस्त्राच्या जागी येथे पुस्तक आले. ज्यांना अक्षर नाकारले गेले, त्यांच्या भिंतीवर विद्येची ही खूण होती. याच दोन प्रतिमांसमोर वंदना व विवाह होऊ लागले.

येथे एक प्रश्न उरतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातील भक्तीविषयी गंभीर इशारा देणाऱ्या नेत्याच्याच प्रतिमेला हार व अगरबत्ती वाहिली जाते. ही जुनीच पूजा नव्या रूपात आली, असा आक्षेप घेता येतो. तथापि नवसाची फेड किंवा कोपाची भीती या प्रतिमेशी जोडलेली नाही. तिच्याशी असलेले नाते प्रामुख्याने कृतज्ञतेचे आहे. हे नाते विचाराधिष्ठित राहील की केवळ उपचार बनेल, हे ग्रंथ उघडला जातो की नाही यावर अवलंबून आहे.

निष्कर्ष

धम्मदीक्षेचे सार्वजनिक स्मारक दीक्षाभूमीवर आहे. तेथील स्तूपाचे लोकार्पण १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. या धर्मांतराचा दुसरा पुरावा मात्र घराघरांतील भिंतींवर आहे. कोणती तसबीर उतरली व कोणती लागली, याच्या कौटुंबिक आठवणी ज्येष्ठ पिढीबरोबर लोप पावत आहेत. मौखिक इतिहासाच्या पद्धतीने त्यांचे संकलन करणे हे विदर्भातील इतिहास विभागांचे तातडीचे कार्य ठरते.