दोन वर्षं दोन्हीकडे

अलिबागच्या किनाऱ्यालगत चुंबकीय वेधशाळेची जुनी दगडी इमारत उभी आहे. ती बांधताना लोखंड कटाक्षाने टाळलं. दगड पोरबंदरचा, तोही चुंबकत्व तपासून निवडलेला. बाकी जिथे धातू लागला तिथे तांबं, पितळ, कासं. एप्रिल 1904 पासून इथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होते आहे. बांधकामाचं कौतुक सगळेच करतात आणि ते रास्तच आहे. माझं मन मात्र त्यानंतरच्या दोन वर्षांत अडकलेलं असतं, कारण त्या दोन वर्षांत जे झालं तेच माझं रोजचं काम आहे.

मी नागावची. अलिबागेत एका लहान कार्यालयाचे सर्व्हर सांभाळते. भाड्याच्या क्लाउडवर न जाता आमच्याच खोलीत तीन मशीन ठेवली आहेत, त्यांवर के-थ्री-एस, म्हणजे क्युबरनेटिसचं हलकं रूप, चालतं आणि सगळी सॉफ्टवेअरं कंटेनरमध्ये, म्हणजे आपापल्या बंद डब्यांत. कंटेनर क्षणभंगुर असतो. मशीन बंद पडलं की क्युबरनेटिस तोच कंटेनर दुसऱ्या मशीनवर नव्याने उभा करतं. ग्राहकाला बहुतेक वेळा कळतही नाही. पण जुन्या कंटेनरने लिहिलेला लॉग, म्हणजे कोणत्या क्षणी काय घडलं त्याची ओळीओळीने नोंद, त्याच्याबरोबर जातो. मशीनवर लॉगच्या फायलीही मूळ मांडणीत दहा मेगाबाइटच्या पाचच ठेवल्या जातात. सहावी आली की सगळ्यांत जुनी पुसली जाते. म्हणून फ्लुएंट बिट नावाचा छोटा प्रोग्रॅम प्रत्येक मशीनवर बसून ओळी उचलतो आणि लोकी नावाच्या लॉगच्या कोठाराकडे पाठवतो. लोकी त्या दाबून साठवतं, आणि खालची डिस्क लाँगहॉर्न ही साठवण-यंत्रणा तिन्ही मशीनवर एकाच वेळी लिहिते. किनाऱ्यावर वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळ अलिबाग-श्रीवर्धनच्या पट्ट्यावर आलं तेव्हा काय झालं ते इथे कुणाला सांगायला नको. तीन प्रती हा इथे चैनीचा भाग नाही.

ही सगळी मोफत आणि खुली अवजारं अलीकडची. फ्लुएंट बिट ज्याच्या कुळातला ते फ्लुएंट-डी 2011 चं, क्युबरनेटिस 2014 चं, लोकी 2018 च्या डिसेंबरात जाहीर झालं. नोंद ठेवण्याचा धंदा मात्र आमच्या तालुक्यातल्या माणसाने 1840 मध्येच धरला होता.

केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, 1824 साली नागावला जन्मले. सोळाव्या वर्षी ते मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेत महिना पन्नास रुपयांवर लागले. ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये खगोलवेधांसाठी आणि जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून काढली होती. 1841 मध्ये एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली तिथे चुंबकीय आणि हवामानाच्या नोंदी सुरू झाल्या. पुढे केरूनाना पुण्याला गेले, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिलं, डेक्कन कॉलेजात टिळकांचे गुरू झाले, आणि चरित्रकार त्या भागावरच रमतात. मला त्यांची वेधशाळेतली सुरुवातीची वर्षं जास्त ओढतात. ठरल्या वेळी यंत्रापाशी जायचं, आकडा वाचायचा, वहीत उतरवायचा, पुन्हा पुढच्या वेळी जायचं. त्या आकड्याचा उपयोग काय, हे विचारायचं नाही. तो उपयोग अजून जन्मलेलाच नसतो.

याचा पुरावा कुलाब्यानेच दिला. 1 सप्टेंबर 1859 ला इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर प्रखर उजेडाचा स्फोट पाहिला. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ धडकलं. अमेरिकेत तारयंत्रं बॅटरी काढूनही चालली. युरोपातल्या वेधशाळांत तोवर प्रकाशचित्रणाने आपोआप नोंद करणारी यंत्रं आली होती, पण वादळ इतकं मोठं की लंडनजवळच्या क्यूसारख्या नामांकित ठिकाणी रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्याला अजून माणूस डोळ्यांनी वाचत होता. एरवी तासातासाला, आणि सुई बिथरली की काही मिनिटांच्या अंतराने. 2 सप्टेंबरच्या सकाळी चुंबकीय क्षेत्राचं क्षैतिज बल सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी खाली आल्याची नोंद त्या वहीत झाली. शांत दिवशी हा चढउतार शंभराच्या आत असतो. कुणाच्या हाताने ती ओळ लिहिली असेल, त्याला त्या क्षणी यंत्र बिघडलं असंच वाटलं असेल का? तरी त्याने आकडा लिहिला, आणि पुढचाही लिहिला.

ती वही वार्षिक ग्रंथात छापली गेली आणि बहुतेक विसरली गेली. 2003 मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखीना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी आणि ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासह तिचाच आधार घेऊन त्या वादळाची ताकद मोजली. उपग्रह आणि विजेच्या जाळ्यांना सूर्यापासून किती मोठा धोका संभवतो, याचा जगभर विचार होतो तेव्हा मुंबईची ती ओळ पुढे येते. मध्ये 144 वर्षं गेली होती. माझ्या लोकीत किती दिवसांचा लॉग ठेवायचा याची चर्चा कार्यालयात होते तेव्हा कुणी सहज ‘पंधरा दिवस पुरे’ म्हणतं. पंधरा दिवस कशाला पुरे, हा प्रश्न मी तिथे लावून धरते.

आता त्या दोन वर्षांकडे येते. 1900 च्या सुमारास मुंबईत घोड्यांच्या ट्राम काढून विजेच्या आणायचं ठरलं. ट्रामचा विद्युतप्रवाह जमिनीत झिरपला की कुलाब्याच्या सुया बिथरणार. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी समुद्रापलीकडे, सुमारे तीस किलोमीटर दक्षिणेला, अलिबाग निवडलं. एप्रिल 1904 मध्ये इथली यंत्रं चालू झाली. पण कुलाब्याची बंद केली नाहीत. एप्रिल 1906 पर्यंत दोन्हीकडे नोंद चालू ठेवली. ट्राम प्रत्यक्षात 1907 च्या मे महिन्यात धावली, म्हणजे मूस यांनी संकट येण्याआधीच हा वेळ स्वतःसाठी राखून ठेवला होता.

दोन जागांचं मूळ मूल्य कधीच एक नसतं. खालचा खडक वेगळा, अक्षांश वेगळा. एकच दिवस, एकच तास दोन्हीकडे मोजलेला असला तर फरक कळतो, आणि फरक कळला तर कुलाब्याची मालिका अलिबागला जोडता येते. हे केलं नसतं तर एक वही संपली असती आणि दुसरी, तिच्याशी नातं नसलेली, सुरू झाली असती. त्यामुळेच आज 1841 पासूनचा धागा अलिबागेत अखंड आहे, आणि जगात इतके लांब धागे फार थोडे आहेत. मूस यांनी 1846 ते 1905 च्या निरीक्षणांचे दोन खंड 1910 मध्ये छापले.

साठवणुकीची यंत्रणा बदलताना मी हेच करते. आमचा जुना लॉग इलॅस्टिकसर्चमध्ये होता. 2021 च्या जानेवारीत त्या कंपनीने परवाना बदलला. पूर्वीचा खुला परवाना गेला आणि त्याच वर्षी त्यातून ओपनसर्च हे वेगळं, खुलं रूप निघालं. आम्ही लोकीवर जायचं ठरवलं. फ्लुएंट बिटला एकाच ओळीची दोन ठिकाणी पाठवणी सांगता येते. तेव्हा काही महिने दोन्हीकडे लिहू दिलं, आणि तासातासाच्या ओळी मोजून पाहिल्या. काही ओळी एकीकडेच दिसल्या, वेळेचे शिक्के काही सेकंदांनी सरकलेले निघाले, एका मशीनचं घड्याळ मागे होतं. एका बाजूला बसून यातलं काही सापडलं नसतं. वरिष्ठांना दुप्पट डिस्क जाते याचा त्रास झाला. मी त्यांना मूस यांची दोन वर्षं सांगितली. ते ऐकत राहिले आणि पुढचा महिना मंजूर झाला.

मालिका जोडणं हा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे ती वाचता येणं. अलिबागची मिनिटामिनिटाची मूल्यं आज इंटरमॅग्नेटच्या जागतिक जाळ्यात एबीजी या संकेताने जातात आणि साध्या मजकुराच्या फायलीत मिळतात: वर वेधशाळेचं नाव, अक्षांश-रेखांश, मग तारीख, वेळ, आकडे. ती फाइल उघडायला कोणत्याही कंपनीचं सॉफ्टवेअर लागत नाही. 1859 ची छापील कोष्टकं तशीच वाचता येतात, म्हणूनच 2022 मध्ये हिसाशी हायाकावा आणि सहकाऱ्यांना कुलाब्याचे तिन्ही चुंबकीय घटक मुळातून पुन्हा काढता आले. 1600 चा तो आकडा नेमका कोणत्या प्रवाहांमुळे आला, वादळ खरोखर किती मोठं होतं, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. ते मतभेद शक्य झाले ते कोष्टक उपलब्ध असल्यामुळे.

लोकीतले तुकडे दाबलेले असतात, ते लोकीलाच वाचता येतात. म्हणून महिन्याच्या शेवटी मी निवडक सेवांचा लॉग साध्या मजकुरात काढून ठेवते: वेळ भारतीय प्रमाणवेळेची की जागतिक, कोणत्या मशीनचा, कोणत्या आवृत्तीचा, हे वरच्या चार ओळींत. त्याची एक प्रत लाँगहॉर्नच्या डिस्कवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, जी नागावला घरच्या कपाटात असते. या महिन्याच्या फायलीत मी मशीनच्या घड्याळाची चूक किती सेकंदांची होती तेही लिहिलं आहे, कारण वर्षानुवर्षांनी कुणी दोन मशीनच्या ओळी एकत्र लावून पाहील तेव्हा त्याला तोच आकडा लागेल.