नावडती चव आवडू लागते का? अळणी भाजी, बिनसाखरेचा चहा आणि कारले

रक्तदाब वाढल्याचे निदान झाले की डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात. घरी तीन-चार दिवस नियम कडक पाळला जातो. पाचव्या दिवशी आबा ताट बाजूला सारतात, "याला काही चव आहे का?" असे विचारतात, आणि पापड-लोणचे पुन्हा ताटात येते. पुढच्या तपासणीला रक्तदाब जिथल्या तिथेच असतो.

यात आबांचा हट्ट थोडा असतो. पण मुख्य अडचण वेगळी असते. जिभेला नव्या चवीची सवय व्हायला काही आठवडे लागतात, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. पहिल्या आठवड्यात जे जेवण बेचव लागते, तेच दोन-तीन महिन्यांनी बरे वाटू लागते. ही सवय कशी लागते आणि खान्देशातल्या घरात ती कशी लावता येईल, हे या लेखात पाहू.

कोणती आवड जन्मजात, कोणती शिकलेली?

नवजात बाळाच्या जिभेवर गोड थेंब टाकला तर ते चोखू लागते. कडू थेंब टाकला तर तोंड वाकडे करते. खारट चवीची ओढ साधारण चार महिन्यांनंतर दिसू लागते. गोड म्हणजे ऊर्जा आणि कडू म्हणजे कदाचित विष, असा हा शरीराचा जुना अंदाज आहे. बाकीच्या बहुतेक आवडी आपण शिकतो.

याचे सर्वात जवळचे उदाहरण म्हणजे आपला ठेचा. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात भारतात आली. तिखट ही खरे तर चव नाही, ती जळजळ आहे. उष्णतेची जाणीव करून देणारे मज्जातंतू मिरचीतल्या कॅप्सेसिनमुळे चेतवले जातात. हे काम करणारा ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे लहान मूल पहिल्यांदा ठेचा चाखून रडते, ते बरोबरच असते. तेच मूल मोठे झाल्यावर ठेच्याशिवाय जेवत नाही.

कळण्याच्या भाकरीचेही तसेच. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून केलेली ही काळपट भाकरी बाहेरगावच्या पाहुण्याला पहिल्या घासाला नवखी लागते. हिरव्या वांग्याच्या भरिताबरोबर ती चार-पाच वेळा खाल्ली की तोच पाहुणा मागून घेतो.

सवय लागते म्हणजे नेमके काय होते?

- ओळख होते. अनोळखी पदार्थाबद्दल मेंदू सावध असतो. तो पदार्थ पुन्हा पुन्हा खाऊनही त्रास झाला नाही, की सावधपणा कमी होतो.
- चांगल्या अनुभवाशी जोड बसते. भूक लागलेली असताना, घरच्यांसोबत, आवडत्या पदार्थाबरोबर खाल्लेली नवी चव लवकर आवडते.
- तुलनेचे माप बदलते. रोज खूप खारट खाणाऱ्याला नेहमीचे जेवण अळणी लागते. मीठ कमी केल्यावर काही आठवड्यांत थोडे मीठही पुरेसे जाणवते.

मिठाची सवय किती दिवसांत बदलते?

साधारण दोन ते तीन महिने धरून चाला. अमेरिकेत १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही जणांनी सुमारे पाच महिने कमी मिठाचा आहार घेतला. काही काळाने त्यांना सूप आणि बिस्किटे पूर्वीपेक्षा कमी खारट असलेलीच आवडू लागली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे एक सपाट चहाचा चमचाही पूर्ण नाही, आणि त्यात पापड, लोणचे, फरसाण सगळे आले. रक्तदाब असलेल्यांनी दिवसाचे ४ ते ५ ग्रॅम मीठ कमी केले तर वरचा आकडा सरासरी ५ अंकांच्या आसपास उतरतो. गोळ्या चालू असतानाही याचा फायदा होतो. मात्र गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

आपल्या जेवणात मीठ कुठे लपलेले असते?

- शेवभाजी: रश्श्यात मीठ असते, वरून घातलेल्या शेवेतही असते.
- पापड, बिबडे, कुरडया: मिठाशिवाय पापडखारातही सोडियम असते. खाण्याच्या सोड्यातही असते.
- लोणचे: मीठ हेच ते टिकवते, त्यामुळे एक फोडही हिशेबात धरा.
- कळण्याचे पीठ: अनेक घरांत दळतानाच खडे मीठ घालतात. रुग्णासाठी बिनमिठाचे दळून घ्या.
- सैंधव मीठ: हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. ते उपवासाला चालते म्हणून रक्तदाबाला चालते असे नाही.

घरी कसे करावे?

१. मीठ हळूहळू कमी करा. भाजीत एक चमचा घालत असाल तर पहिल्या आठवड्यात पाऊण, मग दोन-तीन आठवड्यांनी अर्धा. छोटा बदल जिभेला फारसा कळत नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी लगेच कमी करायला सांगितले असेल, तर तेच पाळा.

२. सगळ्या घराची भाजी एकच करा. रुग्णाचे वेगळे पातेले म्हणजे शिक्षा वाटते. कमी मिठाचा फायदा घरातल्या बाकीच्यांनाही होतो.

३. कणकेत, भाकरीत, भातात मीठ घालू नका. ज्याला अगदीच चव लागत नाही त्याने ताटातल्या भाजीवर चिमूटभर मीठ घ्यावे. १९८७ च्या एका अभ्यासात स्वयंपाकातले मीठ जवळपास निम्मे करून मीठदाणी हाताशी ठेवली होती. लोकांनी कमी झालेल्या मिठाच्या पाचव्या भागाहूनही कमी मीठ वरून घेतले.

४. चव दुसऱ्या वाटेने वाढवा. भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर, लिंबू, आमसूल, भाजलेले शेंगदाणे आणि काळा मसाला यांनी मिठाची उणीव बरीच भरून निघते. तयार मसाल्यात मीठ आहे का, ते पाकिटावर पाहा.

५. तिखटाचा उपयोग होऊ शकतो. २०१७ मध्ये चीनमधल्या एका अभ्यासात तिखट आवडणाऱ्यांचे मिठाचे प्रमाण आणि रक्तदाब कमी आढळले. पण आम्लपित्त, अल्सर किंवा मूळव्याध असेल तर तिखट वाढवू नका.

६. मध्ये एक लग्नाची पंगत झाली म्हणून पथ्य मोडले असे समजू नका. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू करा.

महत्त्वाची सूचना: बाजारातल्या 'लो सोडियम' मिठात बहुधा पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर त्याने रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका.

उन्हाळ्यात मीठ कमी करावे का?

जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. शेतात किंवा बांधकामावर दिवसभर घाम गाळणाऱ्यांच्या शरीरातून मीठही जाते. अशा रुग्णाला लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर किती मीठ घ्यायचे आणि गोळीचे प्रमाण काय ठेवायचे, हे उन्हाळ्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्या. वयस्कर माणसांनी मीठ पूर्ण बंद करू नये. रक्तातले सोडियम फार घटले तर गुंगी, गोंधळलेपणा आणि झटके येऊ शकतात.

बिनसाखरेचा चहा

साखरेचे गणित थोडे वेगळे आहे. २०१६ च्या एका अभ्यासात साखर ४० टक्क्यांनी कमी करणाऱ्यांना तिसऱ्या महिन्यात तेच पुडिंग जास्त गोड लागू लागले. मात्र गोडाची आवड कमी झाली नाही, आणि साखर पुन्हा वाढवल्यावर जिभेचे माप पूर्ववत झाले. म्हणून गोड आवडेनासे होईल याची वाट पाहू नका. दोन चमच्यांवरून दीड, मग एक, मग अर्धा असे उतरत जा. आले, गवती चहा किंवा वेलदोडा घातला तर बदल सोपा जातो. साखरेऐवजी गूळ घातल्याने मधुमेहात फायदा होत नाही.

कारले, मेथी आणि मुले

मूल एकदा "नको" म्हणाले म्हणजे ती भाजी त्याला कधीच आवडणार नाही, असे नाही. नवी भाजी स्वीकारायला मुलांना अनेकदा आठ ते पंधरा वेळा चाखावी लागते. बहुतेक घरांत तीन-चार वेळांनंतर प्रयत्न थांबतो.

- एक छोटा घास पुरे. बळजबरी नको.
- "मेथी खाल्ली तर चॉकलेट देईन" असे सांगू नका. त्याने मेथी आणखी नावडती होते.
- तीच भाजी मोठ्यांनी त्याच्यासमोर आवडीने खावी.
- वर्षाखालच्या बाळाच्या जेवणात मीठ आणि साखर घालू नका.

ही ओळख जन्माआधीच सुरू होते. २००१ च्या एका अभ्यासात गरोदरपणात किंवा स्तनपान देताना आईने गाजराचा रस घेतला होता, तेव्हा बाळांनी पुढे गाजराच्या चवीचा आहार अधिक सहज स्वीकारला.

कारले ही चांगली भाजी आहे, पण मधुमेहाच्या औषधाची जागा ते घेत नाही. गोळ्या किंवा इन्शुलिनबरोबर रोज कारल्याचा रस घेतल्यास साखर अचानक उतरू शकते.

कोणती नावड ऐकावी?

प्रत्येक नावड मोडून काढायची नसते.

- कडू दुधी, काकडी किंवा दोडका: लगेच थुंकून टाका. या भाज्या एरवी कडू नसतात. कडू दुधीच्या रसाने रक्ताच्या उलट्या आणि जिवावर बेतणारी विषबाधा झालेली आहे. 'औषध कडूच असते' म्हणून तो रस संपवू नका.
- कडवट किंवा बुरशी लागलेले शेंगदाणे: फेकून द्या. बुरशीचे विष यकृताला घातक असते.
- खाज किंवा सूज: वांगे किंवा दुसरे काही खाल्ल्यावर ओठ-जीभ खाजत असेल, सूज येत असेल, तर ती ॲलर्जी असू शकते. पुन्हा चाखून पाहू नका.
- तंबाखू आणि दारू: पहिल्यांदा तीही नकोशी वाटतात आणि सवयीने हवीशी होतात. इथे व्यसन जडते, म्हणून पहिला नकारच शहाणपणाचा.

डॉक्टरांना कधी भेटावे?

- चव अचानक गेली, किंवा तोंडाला सतत धातूसारखी किंवा कडू चव येते. काही औषधांनीही असे होते.
- जेवण नकोसे होऊन वजन घटते आहे.
- मूल मोजकेच तीन-चार पदार्थ खाते आणि त्याची वाढ मंद आहे.
- मीठ कमी केल्यावर चक्कर, खूप अशक्तपणा किंवा गोंधळलेपणा जाणवतो.
- काही खाल्ल्यावर श्वास घ्यायला त्रास होतो किंवा चेहरा सुजतो. अशा वेळी थेट जवळच्या रुग्णालयात जा.

थोडक्यात

पथ्याचे पहिले दोन-तीन आठवडे सर्वात अवघड असतात. ते दिवस कॅलेंडरवर मांडा आणि तीन महिन्यांच्या आधी "मला जमत नाही" असे ठरवू नका. आबांना एकट्याने अळणी खायला लावण्यापेक्षा सगळ्यांनी तीच भाजी खाल्ली, तर सवय लवकर लागते. तीन महिन्यांनी जुन्या प्रमाणाची भाजी एकदा चाखून पाहा. ती खारट लागली, तर समजा की सवय झाली.