पाव मैलाची वाट

बसथांब्याभोवती नकाशावर ४०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायचे आणि त्यातील सर्व घरांना 'थांबा चालत जाण्याच्या अंतरावर आहे' असे म्हणायचे, ही नगररचनेतील रूढ पद्धत आहे. हे ४०० मीटर आले कोठून? आणि हे वर्तुळ खरे बोलते का? या प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्याला अमेरिकेतील उपनगरांच्या इतिहासात डोकवावे लागते.

१८८८ साली फ्रँक स्प्रेग यांनी रिचमंड शहरात विजेवर चालणाऱ्या ट्रामचे मोठे जाळे यशस्वी करून दाखवले. त्यानंतर बॉस्टनसारख्या शहरांभोवती ट्रामच्या रुळांच्या कडेने उपनगरे वाढली. तेथे राहणाऱ्या बहुतेकांजवळ स्वतःचे वाहन नव्हते. त्यामुळे घर ट्रामपासून पायी गाठता येईल अशाच ठिकाणी बांधावे लागे. रस्ते बहुधा सरळ, एकमेकांना छेदणारे आणि ट्रामच्या रस्त्याला मिळणारे असत. अंतर मोजण्यासाठी वेगळे शास्त्र लागत नव्हते. पाय हीच मोजपट्टी होती.

पुढे मोटारी आल्या. १९०८ मध्ये फोर्डची 'मॉडेल टी' बाजारात आली आणि १९२० च्या दशकात शहरांतील रस्ते मोटारींनी भरले. रस्त्यावर खेळणारी आणि शाळेत पायी जाणारी मुले चाकांखाली सापडू लागली. या चिंतेतून क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ साली न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यासाठी 'शेजारवस्ती'ची कल्पना मांडली. सुमारे १६० एकरांची वस्ती, मध्यभागी प्राथमिक शाळा, आणि वाहनांचे रुंद रस्ते फक्त सीमेवर. १६० एकर म्हणजे अर्धा मैल बाजूचा चौरस. त्याच्या केंद्रापासून बाजूचे अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटर. मिनिटाला ८० मीटर या चालीने ही वाट पाच मिनिटांची होते. आज बसथांब्यासाठी वापरले जाणारे माप पेरींनी शाळेसाठी धरले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्याच वर्षी न्यू जर्सीमध्ये क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांच्या आराखड्यानुसार रॅडबर्न ही वसाहत उभी राहू लागली. मोटारींसाठी पुढे बंद होणाऱ्या गल्ल्या, तर पायी चालणाऱ्यांसाठी बागेतून जाणाऱ्या स्वतंत्र वाटा आणि मोठ्या रस्त्याखालून भुयारी मार्ग, अशी तिची रचना होती. महामंदीमुळे वसाहत अपुरीच राहिली. मात्र बंद गल्लीची कल्पना टिकली. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या सरकारी गृहकर्ज यंत्रणेनेही तिची शिफारस केली. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक बांधकाम व्यावसायिकांनी बंद गल्ल्या घेतल्या, पण बागेतल्या पायवाटा सोडून दिल्या.

याचा परिणाम काय झाला? बस धावते सीमेवरच्या मोठ्या रस्त्याने. घराच्या परसातून थांबा दिसतो, पण मध्ये कुंपण असते आणि वाट गल्लीतून वळसा घालून जाते. शिवाय जाण्याचा आणि येण्याचा थांबा समोरासमोर असल्याने बसने जाऊन-येऊन करणाऱ्याला दिवसातून एकदा तरी तो वेगवान रस्ता ओलांडावाच लागतो. मुलांच्या रक्षणासाठी जो रस्ता वस्तीच्या कडेला ठेवला, तोच मोटार नसलेल्या विद्यार्थ्यांच्या, वृद्धांच्या आणि कामकरी माणसांच्या वाटेत आडवा आला.

आता वर्तुळाकडे वळू. ४०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ०.५० चौरस किलोमीटर भरते. पण माणूस पक्ष्यासारखा सरळ जात नाही. रस्ते काटकोनात छेदणारे व जवळजवळ असले, तर ४०० मीटर चालून गाठता येणारा प्रदेश म्हणजे ८०० मीटर कर्ण असलेला, कोपऱ्यावर उभा चौरस होय. त्याचे क्षेत्रफळ अवघे ०.३२ चौरस किलोमीटर. म्हणजे उत्तम रस्ते असतानाही वर्तुळातील ३६ टक्के भाग हातचा गेला! बंद गल्ल्यांच्या वस्तीत ही घट आणखी मोठी असते.

म्हणून अंतर रस्त्याच्या जाळ्यावरून मोजले पाहिजे. जाळ्यातील सर्वांत जवळची वाट शोधण्याची गणिती रीत एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्येच प्रसिद्ध केली होती. तरीही २००७ साली अमेरिकेत परिसराच्या चालण्यायोग्यतेला गुण देणारी 'वॉक स्कोअर' ही पद्धत आली, तेव्हा तीही सुरुवातीला सरळ रेषेतील अंतरच धरत होती. पुढे तिने रस्त्याने अंतर मोजण्याचा मार्ग स्वीकारला.

आपल्याकडेही हा विचार दूरचा नाही. चंदीगडचे सेक्टर साधारण १२०० मीटर लांब व ८०० मीटर रुंद आहेत. त्यांचीही रचना अंतर्मुख असून वेगवान रस्ते कडेने जातात.

हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. शाळेजवळचा एक थांबा नकाशावर घ्यावा. कंपासने ४०० मीटरचे वर्तुळ काढावे. मग नकाशाच्या प्रमाणात तेवढाच दोरा घेऊन तो थांब्यापासून प्रत्येक रस्त्यावरून ठेवत जावा आणि जेथे संपेल तेथे खूण करावी. खुणा जोडल्या की एक वेडीवाकडी आकृती तयार होते. वर्तुळाच्या आत, पण या आकृतीच्या बाहेर कोणाची घरे आहेत, हे विद्यार्थ्यांनी स्वतः चालत जाऊन पाहावे. वाटेत फूटपाथ कोठे तुटतो आणि रस्ता ओलांडायला किती थांबावे लागते, याचीही नोंद करावी. थांबा जवळ आहे की नाही, याचे उत्तर त्या वहीत सापडेल.