शपथेपासून सभेपर्यंत

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघाले की वाटेत सावनेर लागते. २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी तिथे वारले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. दारूपायी झालेली नायक सुधाकराची धूळधाण मराठी माणसाला तोंडपाठ आहे. आपण मात्र त्याच नाटकातल्या दोन बाजूला पडलेल्या गोष्टींपासून निघू. पहिली म्हणजे तळीरामाचे आर्यमदिरामंडळ, पिणाऱ्यांनी पिण्यासाठी काढलेली संस्था. दुसरी म्हणजे भगीरथ. तोही पितो, पण सुधाकराचा मित्र रामलाल त्याला हाताशी धरतो, लोकसेवेला लावतो आणि तो सुटतो. सुधाकर शपथ घेऊन एकटाच लढतो, आणि हरतो. पिणाऱ्यांनीच न पिण्यासाठी मंडळ काढावे, हे मात्र नाटकात कोणालाही सुचत नाही.

विदर्भात तेव्हा या प्रश्नाला उत्तरे होती, पण ती पिणाऱ्याच्या बाहेरून येणारी. गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायी घरदार घालवून अकाली गेले. मुलाने पुढे लेकीच्या बारशाला दारू-मटणाचा रिवाज मोडून गोडाचे जेवण घातले आणि आयुष्यभर कीर्तनांतून दारूवर कोरडे ओढले. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनेही तेच काम केले. असहकाराच्या दिवसांत, १९२१ साली, नागपुरात दारूच्या दुकानांवर निदर्शने झाली. मग कायदा आला. शेजारचा वर्धा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा आहे, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. नागपूर मात्र परवाने असलेले. या सगळ्यात मला सर्वांत मोठी वाटते ती १४ ऑक्टोबर १९५६ ची घटना. दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत मद्यपान न करण्याचीही होती. ती स्वाभिमानाची शपथ होती आणि तिने असंख्य घरे सावरली. तरीही ज्याचे शरीरच दारूला बांधले गेले आहे, त्याला जन्मभराची शपथ पेलतेच असे नाही. मोडली की तो लाजेने आणखी पितो. कीर्तनकार, कायदा आणि शपथ, तिघांनाही हा माणूस पुरून उरला.

त्याच्यासाठीची वाट दुसरीकडे तयार होत होती. १८४० साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये गुत्त्यात बसणाऱ्या सहा पियक्कडांनी आपापसांत दारू सोडण्याचे ठरवले. वॉशिंग्टनियन नावाची ती चळवळ बघता बघता देशभर पसरली, आणि इतर वादांत ओढली जाऊन काही वर्षांतच विरली. जवळजवळ शतकानंतर, १९३५ च्या मे महिन्यात, बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअरदलाल ॲक्रन गावी एका हॉटेलात उभा होता. धंद्याचा बेत फसलेला, खिसा रिकामा, पलीकडे बारमधला गलबला. दारू सोडून जेमतेम काही महिने झालेल्या या माणसाला उमगले की आपल्याला आज वाचायचे असेल, तर बोलायला दुसरा दारुडाच हवा. त्याने फोन फिरवायला सुरुवात केली. गाठ पडली ती डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही, असे बजावून आलेले डॉक्टर रात्रीपर्यंत बसले. विल्सनने उपदेश केलाच नाही. स्वतःची हकीकत तेवढी सांगितली. डॉक्टरांचा शेवटचा पेला १० जून १९३५ चा, आणि तीच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, आपल्या बोलण्यातल्या ‘एए’ची, जन्मतारीख मानली जाते. पुढे १९५० साली संघटनेने बारा परंपरा स्वीकारल्या आणि बाहेरच्या वादांवर मत द्यायचे नाही, हे ठरवून टाकले. म्हणूनच बंदी असावी की नसावी, हा विदर्भातला हुकमी वाद एएच्या सभेत निघत नाही, आणि हे फार शहाणपणाचे आहे.

भारतात ही वाट १९५७ च्या सुमारास पोचली; दीक्षाभूमीवरच्या प्रतिज्ञांना तेव्हा जेमतेम वर्ष होत होते. महाराष्ट्रात तिला डॉक्टरी आधार मिळाला तो २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात. गर्द या अमली पदार्थावरच्या अनिल अवचटांच्या लेखांनी अस्वस्थ होऊन पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली आणि डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्यात मुक्तांगण सुरू केले. उपचार, समूह आणि घरच्यांची साथ तिथे एकत्र आली; रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट निघाला. बायकोला सुधाकराच्या सिंधूसारखी निव्वळ सोसणारी न ठेवणारा हा बदल मला औषधांइतकाच मोलाचा वाटतो.

आज नागपुरात कोणी एएच्या सभेला जायचे ठरवतो, तेव्हा हा सारा इतिहास त्याला ठाऊक नसतो. खोलीत खुर्च्या, भिंतीवर एएच्या मद्यमुक्तीच्या बारा पायऱ्या, चहा. नवा माणूस बहुधा दाराजवळची खुर्ची धरतो. एक जण नाव सांगून, आपण दारुडे आहोत हे कबूल करून बोलू लागतो. मध्ये कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही. वीस वर्षे न प्यायलेलाही ‘फक्त आजचा दिवस’ एवढेच म्हणतो. ‘स्लिप’ झालेल्याला, म्हणजे पुन्हा प्यायलेल्याला, परत येऊन बसता येते. प्रवेशाला फी नाही, अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. हा केवळ श्रद्धेचा भाग आहे, असे समजणाऱ्यांसाठी २०२० सालचा कॉक्रेन आढावा आहे. २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसे तपासून त्याने सांगितले की, एएशी जोडून देणारे ठरीव पद्धतीचे उपचार संपूर्ण मद्यमुक्ती टिकवण्यात इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरतात.

ज्यांच्या घरी हा निर्णय होऊ घातला आहे, त्यांनी एक ध्यानात ठेवावे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडू नये. थरकाप, झटके, भास होऊन जीवावर बेतू शकते. आधी डॉक्टरांना दाखवावे, आणि सभेला जाणे पुढच्या महिन्यावर ढकलू नये.